भरेला यायचा नकाशा

परवा संडासाच्या टाकीसाठी अंगणात खड्डा घेतला, तर कुदळ ठण्णकन वाजली. कामावरचा गडी दचकला. म्हणाला, "आण्णा, खाली कायतरी हाय."

मी म्हटलं, "काय न्हाई, कोबी असंल."

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं वाटलं असणार त्याला. मातीचा रांजण निघाला. रिकामाच होता, पण झाकण काढल्याबरोबर असा वास सुटला की गडी कुंपणापर्यंत मागं सरला. आणि मला युनसाहेब समोर येऊन वाकल्यासारखं वाटलं.

मी चौथी शिकलेला. लिहिणं मला औत धरण्यापेक्षा जड जातं. पण त्या माणसाबद्दल शेजारचा बबन गावभर काहीबाही सांगत फिरतो, म्हणून खरं काय ते एकदा लिहून ठेवतो.

युनसाहेब कोरियाचा. पिरंगुटच्या पलीकडं त्यांच्या देशातल्या लोकांनी कारखाना काढला, तिथं मोठाली यंत्रं बसवायला तो २००४ साली आला. बरोबरचे साहेब सगळे सूसला नव्या बिल्डिंगीत राहिले. तिथं लिफ्ट, पोहायला तळं, सगळं. हा एकटा आमच्या गावाला, भरेला आला. कारण काय, तर गाडीतून जाताना त्याला आमचं भात दिसलं. चांगल्या बुटांसकट बांधावर उतरला, लोंबी हातात धरली आणि डोळे मिटून वास घेत उभा राहिला. मी तिथंच होतो. त्या दिवसांत इस्त्रीच्या कपड्यातला माणूस बांधावर उतरला की तो जमीनच मागायला आलेला असायचा. मी लांबूनच ओरडलो, "इकायची न्हाई!"

तो म्हणाला, "खोली?"

माझी बायको हौसा आदल्या वर्षी गेली होती. माडीवरची खोली रिकामी होती. तसं बघितलं तर सगळं घरच रिकामं होतं. दिली.

पहिल्या दिवशी चहा पुढं केला, तर कप घ्यायच्या आधी त्यानं विचारलं, "तुझं वय किती?"

"सदुसष्ट."

तसा ताडकन उठला आणि कमरेत असा वाकला की मला वाटलं त्याचं काहीतरी खाली पडलं. तो बावन्नचा. त्यांच्यात थोरल्यापुढं वाकल्याशिवाय पुढचं बोलणंच होत नाही. पण मराठी तो शिकला कारखान्यातल्या पोरांकडून, त्यामुळं तुम्ही-आम्ही त्याला ठाऊकच नव्हतं. दोन्ही हात पोटावर धरून, मान पार गुडघ्याकडं नेऊन म्हणायचा, "ये रे बाबा, बस रे."

बबन माझा चुलत भाऊ. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, घराला घर लागून. कुंपणावरून माझ्या घरात बघत बसणं हा त्याचा धंदा. त्याला जेव्हा वय विचारलं तेव्हा त्यानं माझ्याकडं बघत, जराही न लाजता सांगितलं, "सत्तर." झालं! त्या दिवसापासून साहेब आधी बबनला वाकायचा आणि मग मला. मी रेशनकार्ड काढून दाखवलं. साहेबाला मराठी वाचता येत नव्हतं. बबन रोज सकाळी हातात डबडं घेऊन ओढ्याकडं निघायचा तो मुद्दाम आमच्या दारावरून. परसाकडं निघालेल्या माणसाला कमरेत वाकून नमस्कार करणारा दुसरा साहेब मी पाहिला नाही.

दुसरी त्याची खोड चपलांची. त्याच्यासाठी आलेला असो की माझ्यासाठी, ओटीवर कुणी चप्पल काढली की हा गुपचूप जाऊन ती फिरवून, बाहेर तोंड करून ठेवायचा. म्हणायचा, "जाणाऱ्याला सोपं." मी विचारलं, "अन् येणाऱ्याचं काय?" तर म्हणाला, "येणारा काढतो तेव्हा तोंड आतच असतं. तोंड आत, म्हणजे माणूस आत्ताच घरात आला."

ओटीच्या कोपऱ्यात हौसाच्या चपला होत्या. त्यासुद्धा त्यानं पहिल्याच दिवशी बाहेर तोंड करून मांडल्या. मी असा खेकसलो की बबन कुंपणावर हजर झाला.  साहेबानं चपला पुन्हा भिंतीला आडव्या, होत्या तशा ठेवल्या. त्यानंतर त्यांना त्यानं हात लावला नाही.

आता रांजणाचं सांगतो. एके दिवशी साहेबानं कुंभाराकडून रांजण आणला आणि कुंपणाच्या कडेला खड्डा घेऊन गळ्यापर्यंत पुरला. आमच्याकडं तेव्हा वितीवितीवरून भावाभावांची डोकी फुटत होती. कुंपणाशी काही पुरायचं म्हणजे हद्दीची खूण, दुसरं काही कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. बबन दोन पंच घेऊन आला. "आण्णा, परदेशी माणसाकडनं हद्द सरकवतूयास व्हय? उकर! पंचांसमोर उकर!"

साहेबाला वाटलं थोरले लोक जेवायला आलेत. त्यानं आनंदानं झाकण काढलं. आत तिखटात मुरवलेला कोबी. वास असा की दोन्ही पंच धोतराचा सोगा नाकाला लावून निघून गेले. बबनला जाता येईना, कारण साहेब कमरेत वाकून दोन्ही हातांनी फोड पुढं करत होता. "खा रे." बबननं खाल्ली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. पुढच्या रविवारी वाटी घेऊन आला. म्हणाला, "माझ्या हद्दीला लागून हाय. माझा बी वाटा पडतूय."

असं वर्षभर चाललं. मग २००५ चा गणपती आला. अनंत चतुर्दशीला चार दिवस राहिले होते, तेव्हा साहेब जिन्याच्या पायरीवर डोकं धरून बसलेला दिसला. मी म्हटलं, "काय झालं? यंत्र मोडलं का?"

त्यानं जे तोडकंमोडकं सांगितलं त्याचा अर्थ असा. आपली भादव्याची पुनव त्या साली त्यांचा मोठा सण होती. त्या दिवशी सगळा देश आपापल्या गावी जातो. सकाळी नव्या तांदळाचं रांधायचं आणि आधी मेलेल्या बापाला, आज्याला वाढायचं. वाढायचं थोरल्या मुलानं. हा थोरला. बाप जाऊन अकरा वर्षं झाली, एकदाही चुकलं नव्हतं. या वेळी कारखान्यानं रजा दिली नाही. सूसचे साहेब म्हणाले, आपण हॉटेलात जेवायला जाऊ.

"हॉटेलात बाप कसा येईल?" युनसाहेब म्हणाला. "बाप माझ्या घरी येतो. पण बापाला भरे माहीत नाही." आणि हे बोलून तो इतका मोठा माणूस रडकुंडीला आला.

मी म्हटलं, "आमच्यात बी पुनवेपासनं पितरपाठ."

"तू बायकोला देतो?"

"न्हाई."

"का?"

मी सरळ माणूस, सरळ सांगितलं. चव्वेचाळीस वर्षांत मी तिला एकदाही ताट वाढून दिलं नाही. आता मेल्यावर कावळ्याला वाढून कुणाला दाखवू? आदल्या पितरपाठात मी तिचा घास टाकला नाही, म्हणून शेजारच्या रिहे गावचा तिचा भाऊ दत्तू माझ्याशी बोलत नव्हता. साहेबानं हे सगळं ऐकून घेतलं. डोकं हलवलं. वाद घातला नाही. त्यानं वाद घातला असता तर बरं झालं असतं, मी जिंकलो असतो.

पण नवा तांदूळ कुठून आणायचा? आमचं भात तर नुसतं दुधात होतं. हळवं भात, म्हणजे लवकर येणारं, त्या वेळी एकाच माणसाच्या माळावर पिकत होतं, आणि तो माणूस म्हणजे दत्तू. मी म्हटलं, मी रस्ता दाखवतो, गाडीतून उतरणार नाही.

रिह्यात गाडी थांबली. दत्तूनं मला काचेतून बघितलं. "दाजी, बहिणीच्या नावानं टाकायला घास न्हाई, आन् ह्या साहेबाच्या बापाला तांदूळ पायजे व्हय?"

साहेबानं आधी विचारलं, "तुझं वय किती?" दत्तू म्हणाला, "साठ." साहेब शेणानं सारवलेल्या अंगणात गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून पालथा पडला. दत्तूच्या बायकोला वाटलं फिट आली, ती कांदा घेऊन धावली. कपाळाला शेण लागलेला साहेब उठला आणि म्हणाला, "बाप उपाशी आहे रे."

दत्तूनं त्याच्या कपाळावरचं शेण बघितलं. मग आत गेला आणि पायली भरून तांदूळ घेऊन आला. "कवळा हाय, पण नवा हाय." साहेबाला त्यांच्याकडचं कसलं तरी जंगली फळही हवं होतं, ते उकडून खातात. वर्णन ऐकून दत्तूच्या बायकोनं राखेत ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या दिल्या. माझ्याशी दत्तू बोलला नाही. पण गाडीच्या काचेवर दोनदा थाप मारली. बैलाला मारतात तशी.

पुनवेच्या आदल्या दुपारी स्वयंपाकाला लागलो. दोघांपैकी एकानंही जन्मात चूल फुंकलेली नव्हती. त्यांच्यातसुद्धा बायका रांधतात आणि बापये नुसते वाकतात. साहेबानं आईला फोन लावला, मान वाकडी करून खांद्यात धरला आणि ती तिकडून सांगेल ते मला सांगू लागला. तांदळाचं पीठ, गरम पाणी, मळायचं, आत तीळ, दुमडून अर्धा चंद्र करायचा, वाफवायचं.

मी म्हटलं, "हे तर आमचं मोदकाचं! असलं पीठ चिरतंय. पाण्याला आधण येऊ दे, मीठ टाक, तेलाचं बोट टाक, मग पीठ. झाकण घाल. उघडून बघू नगो."

बोललो आणि माझा मीच थांबलो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं उंबऱ्यावर बसून चहाची वाट बघता बघता कानावर पडलं होतं. ती स्वतःशीच बोलायची रांधताना. मला वाटायचं मी ऐकतच नाही.

फोनवरनं साहेबाची म्हातारी म्हणाली, खाली पाइनच्या झाडाची पानं घाला. ते झाड आमच्याकडं नाही. मी परसातली हळदीची पानं आणली. मग फोनवर दहा मिनिटं खल झाला. त्यांच्यात मेलेल्या माणसाच्या ताटात तिखट आणि लसूण चालत नाही, त्या वासानं ती माणसं पळून जातात. हळदीनं पळतील का? साहेबानं पान फोनला लावलं, जसा काही तिला वास जाणार होता. शेवटी म्हातारीनं विचारलं, तिथल्या मेलेल्यांना हळद चालते का? मी म्हटलं, "हळदीबिगर आमचं कुणी जेवतच न्हाई." मग तिनं परवानगी दिली.

साहेबाचे अर्धे चंद्र म्हणजे चेंगरलेल्या बेडक्या. माझे बरे झाले. साहेब ते हातात घेऊन गंभीरपणे म्हणाला, "ज्याचं हे सुंदर होतं, त्याला सुंदर मुलगी होते."

"माझं वय अडुसष्ट हाय," मी म्हटलं.

कुंपणावरून बबन म्हणाला, "बोहल्यावर चढ की मग!"

सकाळी ताट मांडलं ते माडीवर, दार सताड उघडं ठेवून. मासा, भात, रस्सा, आठळ्या, खारका, ते अर्धे चंद्र. मी म्हटलं, आमची पितरं दक्षिणेची. तो म्हणाला, आमची उत्तरेची. खोलीला दार एकच होतं, म्हणून भांडण तिथंच मिटलं. बापाचं नाव त्यानं एका कागदावर लिहून भिंतीला उभं केलं. आणि त्याच्या शेजारी दुसरा कागद ठेवला. मी चष्मा लावून बघितलं, तर नकाशा! अगदी इंजिनियरनं काढावा तसा. समुद्र, मुंबई, पुणे, मग चांदणी चौक, पिरंगुटचा घाट, भरे फाटा, पाण्याची टाकी, बबनचं घर, त्यावर फुली, आणि पुढं बाण.

"बाप ड्रायव्हर होता," साहेब म्हणाला. "नकाशा असला की बरोबर येतो."

"माझ्या घरावर फुली कशापायी?" बबन म्हणाला.

"चुकून तुझ्याकडे जेवायला बसेल."

बबन तिथं होता कारण बापाच्या ताटाला दारू लागते हे त्याला कळलं होतं. बाटली त्यानंच आणली होती, आणि ओतून झाल्यावर उरलेली घरच्यांनी प्यायची असते हे ऐकल्यापासून तो म्हणत होता, "ह्यो धरम चांगला हाय."

साहेबानं तीनदा दारू ओतली, तीनदा कपाळ टेकवलं, भातात चमचा उभा केला. मग आम्हांला बाहेर काढलं. मेलेली माणसं जेवताना त्यांच्याकडं बघायचं नसतं. बाहेरच्या जिन्यात तिघं दाराकडं पाठ करून उभे राहिलो. मी, साहेब आणि बाटलीवर ध्यान असलेला बबन.

तेवढ्यात आत फडफड झाली. साहेबानं मान वळवली आणि किंचाळला. उघड्या दारातून कावळा शिरला होता आणि ताटाच्या काठावर बसून होता. त्यांच्यात कावळा म्हणजे अपशकुन. साहेबानं पायातली स्लिपर काढली आणि नेम धरला.

मी त्याचा हात वरच्या वर पकडला. "साहेब, मारू नगो! बाप हाय!"

साहेबाचा चेहरा लालबुंद झाला. "माझा बाप कावळा?"

"सगळ्यांचाच असतूया!" बबन ओरडला. "माझा बी हाय! ह्याचा बी हाय!"

मी त्याला जमेल तसं सांगितलं. आमच्यात लोक तासतास हात जोडून त्याची वाट बघतात आणि तो येत नाही. तुझ्याकडं बोलावल्याशिवाय, पहिल्या वर्षी, रस्ता माहीत नसताना आला. हात जोड. साहेब एक पाय अनवाणी, स्लिपर छातीशी धरून उभा राहिला. कावळ्यानं माशाला शिवलं नाही. अर्ध्या चंद्रांमधून एक उचलला, नकाशाच्या कागदावर पाय देऊन उडी मारली आणि उडून गेला.

साहेबानं आईला फोन लावला. काय झालं ते सगळं सांगितलं.  मग म्हातारीनं एक विचारलं, कुठला उचलला? माझ्या बऱ्या झालेल्यांतला, की याच्या बेडक्यांतला?

"माझा," साहेब म्हणाला. "सगळ्यात वाईट होता तो."

म्हातारी तिकडं इतकी हसली की फोन हातात धरवेना. साहेबानं मला सांगितलं, बाप जिवंत असतानासुद्धा, लहानपणी यानं वळलेले वाकडेतिकडे तोच खायचा. दुसऱ्या कुणाला खाऊ द्यायचा नाही.

हे सगळं ठीक. माझं काम झालं असं मी समजत होतो. नऊ दिवसांनी सकाळी युनसाहेब आंघोळ करून, कमरेला टॉवेल गुंडाळून माझ्या स्वयंपाकघरात उभा. "आज नवमी. आज तुझी बायको." अहेवपणी गेलेल्या बाईचं नवमीला करतात, हे त्यानं दत्तूला फोन करून विचारलं होतं. कारखान्याचीही सुट्टी घेतली होती. स्वतःच्या बापासाठी मिळाली नाही, माझ्या बायकोसाठी बरी मिळाली.

"तिला काय आवडायचं?" त्यानं विचारलं.

 मला काय आवडायचं हे मी वारानुसार सांगितलं असतं. ती सगळ्यांचं झाल्यावर, चुलीपुढं, पाठमोरी बसून जेवायची. ताटात काय असायचं मी बघितलंच नव्हतं. तेवढंच साहेबाला सांगितलं. साहेब वाट बघत उभा. मी म्हटलं, "रिह्याला चल."

या वेळी मी गाडीतून उतरलो. दत्तूला म्हटलं, "हौसाला खायला काय आवडायचं? मला ठाव न्हाई."

दत्तूनं मला शिव्या घालायला तोंड उघडलं होतं. पण मी खरं बोललो तसा तो निवला. "करपलेला भात," तो म्हणाला. "पातेल्याच्या बुडाला लागलेला, त्यावर ताक. ल्हानपणी त्याच्यापायी माझा हात चावली व्हती. ह्यो बघ वण."

आणि मी जन्मभर समजत होतो की ती बुडाचं खरवडून खाते, कारण आमच्यापुढं काही उरत नाही. त्यावर मी तिला हसलोही होतो. एकदा चिडलोही होतो की भात नेहमी करपतोच कसा.

भात जाळायचं काम मला पहिल्या फटक्यात जमलं. दत्तू बरोबर आला होता, त्यानं वास घेऊन "आजून जरा," असं सांगितलं. अंगणात, रांजणाच्या शेजारी पान ठेवलं. साहेबानं आम्हां तिघांना, म्हणजे मला, दत्तूला आणि बबनला, भिंतीकडं तोंड करून उभं केलं. मी म्हटलं, आमच्यात कावळ्याकडं बघतात. तो म्हणाला, "बाई जेवते. बघायचं नाही. ती एकटी जेवायची ना?" 

बराच वेळ गेला. आपण बघतोय हे जेवणाऱ्याला कळावं म्हणून साहेब तीनदा खाकरला आणि आम्ही वळलो. पान चाटून पुसून साफ.

"कोंबडी व्हती," बबन म्हणाला. "माझीच. पखांचा आवाज आला की मला."

दत्तू म्हणाला, "कावळा व्हता."

दोघांची हातघाईवर यायची वेळ आली. युनसाहेबानं बबनकडं बघून, कमरेत पुरतं वाकून निकाल दिला. "कोंबडी पण चालते रे."

२००७ साली यंत्रं बसवून झाली आणि तो गेला. जायच्या सकाळी बबनला आधी वाकला, मग मला. बबननं तेव्हा कबूल केलं, "साहेब, मी धाकटा हाय. आण्णा थोरला." साहेब म्हणाला, "माहीत आहे. पहिल्या दिवसापासून." मग मला ओटीवर बसवून, दत्तूच्या अंगणात घातला होता तसा गुडघे टेकून नमस्कार घातला. "ये रे," म्हणाला. जाताना कसं बोलायचं हे त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. गाडी पाण्याच्या टाकीपाशी वळली तेव्हा मागच्या काचेतून त्याचं डोकं वाकलेलंच दिसत होतं. कुणाला वाकला होता कोण जाणे, बहुतेक भाताला.

मी मागं फिरलो. ओटीवर सकाळपासून निरोपाला आलेल्यांच्या चपलांची रांग होती, सगळ्या बाहेर तोंड करून मांडलेल्या. आणि कोपऱ्यात हौसाच्या. तीन वर्षं त्यानं ज्यांना बोट लावलं नव्हतं, त्या भिंतीपासून पुढं घेऊन, पुसून, उंबऱ्याजवळ ठेवल्या होत्या. तोंड आत करून.

झाडायला येणाऱ्या बाईला मी रोज सांगतो, तेवढ्या सोडून झाड.